मदत हवी आहे : कुडाच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा टिकत नाही

भोर तालुक्यातील आमच्या घराची पश्चिमेकडील भिंत कारवीच्या कुडाची (कारवी या झुडपाच्या काठ्या विणून केलेली) असून तिला माती, भाताचा पेंढा आणि शेण यांचा लेप आहे. पावसाच्या झडीने तो धुपतो, म्हणून मागील एप्रिलमध्ये त्यावर तीन आठवडे भिजवलेल्या चुन्याचा, एकास तीन वाळू घातलेला गिलावा केला. परंतु दिवाळीपर्यंत त्याचे पापुद्रे सुटले आणि मागची माती कोरडी, अगदी गुळगुळीत निघाली. दगडी जोते दीड फूट व वळचण अडीच फूट असल्याने खालून ओल येत नाही, वाळवीही नाही. सिमेंट नको आहे, कारण आत कोंडलेल्या ओलीने कारवी कुजते (शेजारी हे पाहिले आहे). मातीचा नवा लेप ओलसर असतानाच त्यावर ओरखडे पाडून चुन्याचा पहिला हात द्यावा, की लेप पूर्ण वाळू देऊन, पाणी मारून, चुन्यात चिरलेला ताग मिसळावा?