स्प्लिटमधली जुनी चार्टर यॉट

लंडनला राहून क्रोएशियातल्या स्प्लिट बंदरातली ही जुनी यॉट घ्यायचा विचार करताय ना? तिची किंमत कमी आहे कारण बोट चार्टरमध्ये, म्हणजे पर्यटकांना भाड्याने देण्यात, राबलीय. त्यात गैर काही नाही, पण ती पाण्याबाहेर काढून कीलचा (बोटीखालच्या वजनदार पात्याचा) जोड नीट बघून घ्या. सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, तुमचा हवा, ब्रोकरने सुचवलेला मुळीच नको.

खरी मेख व्हॅटची. क्रोएशियात तो २५ टक्के आहे. किमतीत धरलाय का, हे लेखी घ्या. लंडनवासीयाला ब्रिटिश झेंड्याची बोट युरोपीय संघात व्हॅटशिवाय १८ महिने ठेवता येते, हे खरं. मात्र संघातच घेतलेली बोट त्यासाठी आधी संघाबाहेर रीतसर निर्यात करावी लागते. संघाबाहेरचा माँटेनेग्रो शेजारीच आहे म्हणा! पुढे इंग्लंडला नेलीत तर तिथला २० टक्के व्हॅट वेगळा.