मम शर्लबद्दल तुम्ही काय ऐकलंय? (अनुभव धागा)

सिडनीतल्या आपल्या लोकांपैकी कुणी रेडफर्नला (अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची वस्ती असलेला भाग) राहिलंय, काम केलंय? शर्ली स्मिथ म्हणजे मम शर्ल, तिथल्या अ‍ॅबोरिजिनल समाजसेविका; त्यांच्याबद्दल तिथल्या माणसांकडून जे कानावर आलं ते लिहा, चार ओळी पण चालतील. जन्म १९२४, काउरा गावाजवळ एराम्बी मिशनवर (अ‍ॅबोरिजिनल लोकांची वसाहत), विराजुरी या अ‍ॅबोरिजिनल समाजातल्या कुटुंबात. फिट्स यायच्या म्हणून शाळा धड झालीच नाही. १९९८ ला गेल्या.

नर्सताई: मी रेडफर्नच्या अ‍ॅबोरिजिनल मेडिकल सर्व्हिसला प्लेसमेंटवर होते. १९७१ ला एका दुकानाच्या गाळ्यात सुरू झालेला दवाखाना, उभा करणाऱ्यांत मम शर्ल होत्या, डोळ्यांचे डॉक्टर फ्रेड हॉलोज पण. एका आजींना बीपीचा पट्टा बांधत होते तर त्या आपणहून बोलायला लागल्या, की पूर्वी आम्ही हॉस्पिटलची पायरीच चढायचो नाही, सरकारी माणसं पोरं काढून नेतील ही भीती, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. हे सांगताना त्यांचं बीपी इतकं चढलं की मला थांबून परत घ्यावं लागलं.

पॅरामॅटाकर: मी तुरुंगातून सुटलेल्यांसोबत काम करतो. भेटीच्या फॉर्मवर कैद्याशी नातं काय असं विचारलेलं असतं, तिथे पेन टेकवलं की दरवेळी मम शर्ल आठवतात. भाऊ आत होता म्हणून जायला लागल्या, तो सुटला तरी जाणं सुटलं नाही कारण बाकीच्या पोरांना भेटायला कुणी यायचंच नाही, आणि अधिकाऱ्यांनी विचारलं तुम्ही कोण तर म्हणायच्या मी त्याची मम, म्हणजे आई, तेच नाव पडलं. तुरुंगांत कुठेही जायचा पास मिळाला होता त्यांना, पुढे तो काढूनही घेतला, याचा मला आजही संताप येतो. त्या पोरांचा तेवढाच आधार होता हो.

जुना भाडेकरू: वरच्या दोघांना अनुमोदन. मी रेडफर्नमध्येच एव्हली स्ट्रीटजवळ राहायचो. शेजारच्या काकांच्या टीव्हीवर मम शर्लचा फोटो, त्याच्या बाजूला काकांच्या आईचा. साठेक मुलं वाढवली त्यांनी, स्वतःच्या घरात! अ‍ॅबोरिजिनल लीगल सर्व्हिस (कायदेशीर मदत देणारी संस्था), मुलांसाठीची संस्था, सगळ्याच्या सुरुवातीला त्या होत्याच. काकांची मुलगी आता सोशल वर्कर आहे, या वीकेंडला भेटतोय, तिला विचारून अजून लिहितो.