'प्रोब'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : चौक, फूटपाथ, बागा अशा सार्वजनिक जागांत लोक कसे वावरतात हे समजून घ्यायला डिझायनर काही प्रायोगिक साधने वापरतात. त्यांना 'प्रोब' म्हणतात. 'निरीक्षण-साधन' लिहिले तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. निरीक्षणात बघणारा बाजूला राहतो. अमेरिकी शहर-अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यू यॉर्कच्या प्लाझांवर, म्हणजे इमारतींपुढच्या मोकळ्या चौकांत, टाइम-लॅप्स (ठरावीक अंतराने चित्र टिपणारे) कॅमेरे लावले, ते निरीक्षण. गप्पा मारणारी माणसे कडेला न सरकता नेमकी रहदारीच्या मधोमध उभी राहतात, हे त्यातून दिसले. हलवता येणारी खुर्ची असली की बसण्याआधी माणूस ती उगाचच जराशी सरकवतो, हेही. कोपनहेगनचे वास्तुरचनाकार यान गेल यांच्या पद्धतीतली मोजणी, नकाशावर खुणा करणे, कोणाच्या मागून चालत वाट टिपणे, हे सगळे त्याच जातीचे. (या शेवटच्याला 'पाळत' म्हणू नका, त्या शब्दाला पोलिसी वास येतो. 'मागोवा' बरा.)

प्रोब मात्र जागेत काहीतरी नवे ठेवतो आणि लोक त्याचे काय करतात ते पाहतो. एरिक पॉलोस आणि टॉम जेन्किन्स या संशोधकांनी २००५ मध्ये 'अर्बन प्रोब' मांडले, त्यात रस्त्यावरच्या कचरापेटीवर प्रयोग होता. त्याआधी १९६०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी तिकीट लावलेली, पत्ता लिहिलेली पाकिटे रस्त्यांवर 'हरवू' दिली. पाठवणाऱ्याला न ओळखणारे लोक कोणत्या पत्त्याची पाकिटे उचलून टपालपेटीत टाकतात, हे पाहायचे होते. मराठीत याला सरळ खडा टाकून पाहणे म्हणतात.

दुसरे मत : 'खडा' वाक्यात छान, पण शीर्षकात? 'खडासंच' म्हटले तर हसतील. सुश्रुताच्या शस्त्रांत 'एषणी' आहे, जखमेची खोली, नाडीव्रणाची (आत नळीसारख्या गेलेल्या जखमेची) दिशा शोधणारी. तयार शब्द आहे.

उत्तर : सुंदर आहे, पण कोणाला कळणार? शिवाय एषणी वैद्याच्या हातात राहते. डिझाइन-संशोधक बिल गॅव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'कल्चरल प्रोब' मांडले, तेव्हा नाव शस्त्रक्रियेबरोबरच अवकाशातल्या प्रोबवरूनही घेतले होते : मागे ठेवून जायचे आणि तुकड्यातुकड्यांनी काय परत येते त्याची वाट पाहायची. वृद्धांना त्यांनी पोस्टकार्डे, नकाशे, एकदाच वापरायचे कॅमेरे असलेली पाकिटे दिली. आलेल्या उत्तरांतून सरासरी काढायची नव्हती. डिझाइनला कल्पना सुचाव्यात एवढाच हेतू. म्हणून 'चाचणी', 'सर्वेक्षण' हेही बाद. त्या शब्दांबरोबर निष्कर्ष चिकटून येतो.

दुसरे मत : मग 'चाचपणी'?

उत्तर : जवळ जाते. अंधारात हात फिरवण्याचा अर्थ त्यात आहे आणि राजकारणामुळे सर्वांना परिचित आहे. पण ती क्रिया झाली, वस्तूला काय म्हणणार? 'चाचपणी-संच' लिहा, गॅव्हर यांच्या पाकिटाला तो चपखल बसतो. रस्त्यावर सुट्या ठेवलेल्या वस्तूला 'प्रोब'च राहू द्यावे, नाहीतर ओढून-ताणून आणलेला शब्द होईल.

प्रश्नकर्ता : आणि हिरवळीवर लोकांच्या पायांनी पडलेली आडवी वाट? तीही याच विषयात येते.

उत्तर : 'मळवाट'. इथे शोधाशोध करायचे कारणच नाही.