फोनचे एवढे मॉडेल कशाला?

रानवारा: आईसाठी फोन घ्यायचाय, बजेट १५ हजार. तीन दिवस झाले नुसतं बघतोय, एकाच कंपनीचे चार फोन, नावात कुठे प्लस कुठे प्रो, किमतीत हजाराचा फरक, डोकं फिरायची वेळ आली. एवढी चॉईस खरंच हवी का?

सांजवेळ: हवीच. स्पर्धा नसती तर या पैशात ५जी मिळालं असतं का? तू फक्त अपडेट किती वर्षं मिळणार आणि आईच्या जवळपास सर्व्हिस सेंटर आहे का ते बघ, मेगापिक्सल वगैरे सोड.

कोडवाला: अँड्रॉइड अ‍ॅप बनवतो, आमचे हाल विचारू नका. २०१५ मध्ये ओपनसिग्नल या मोबाइल नेटवर्क तपासणाऱ्या कंपनीने मोजली तेव्हा २४,०९३ प्रकारची अँड्रॉइड उपकरणं निघाली होती! काही फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं अ‍ॅप सरळ बंद करतात, मग गोळीची आठवण करून देणारं नोटिफिकेशन येतच नाही आणि बोलणी आम्ही खातो. इम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर, हे कळत नाही, तोच फोन हातात लागतो.

रानवारा: बापरे, आई बीपीची गोळी अशाच अ‍ॅपवर घेते. काय करू?

कोडवाला: सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीत जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' कर, आणि दोन दिवस स्वतः वापरून बघ, मगच आईला दे.