तीनशे पेपरात नाव, मग काम नक्की किती?

वाई_फाय (सातारा):
पोवई नाक्यावर सत्काराचा फ्लेक्स लागलाय, माणूस आपल्याच जिल्ह्यातला, हाय एनर्जी ॲस्ट्रोफिजिक्सवाला (आकाशातले क्ष-किरण, गॅमा किरण अभ्यासणारा), आणि फोटोखाली मोठ्या अक्षरात ‘३०० हून अधिक शोधनिबंध’. हुशार आहे यात वाद नाय, पण या आकड्यातून कळतं काय? १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघट्ट गाभे) आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी सापडल्या, १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला, आणि त्यावर जो सामायिक पेपर आला त्याचे लेखक साडेतीन हजारांच्या वर! प्रत्येकाच्या बायोडेटात तो एक पूर्ण पेपर. मी म्हणतो तीनशे राहू देत, या माणसाशिवाय झालेच नसते असे पाच सांगा.

हळदपेठ (सांगली):
झालं, आपला माणूस जरा वर गेला की लागले मोजमाप काढायला. आवं, क्ष-किरण वातावरणातून खाली येतच नाहीत, उपग्रहच लागतो, आणि तो एकट्याच्यानं होत नसतो. आपला खगोल उपग्रह ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला उडाला, पण त्यावरची लॅक्सपीसी, सीझेडटीआय ही क्ष-किरण टिपणारी उपकरणं तयार करण्यात टीआयएफआर, आयुका या संशोधन संस्था आणि इस्रोच्या लोकांची कितीतरी वर्षं गेली. नुसत्या सीझेडटीआयला सोळा हजारांवर पिक्सेल आहेत, ते तपासत बसणाऱ्यानं नाव कुठं लावायचं मग? डेटा आल्यावर त्याला बाहेर काढायचं काय?

वाई_फाय:
लावा की नाव, मी कुठं नको म्हणतोय. पण ‘सहभाग’ म्हणा, ‘लिहिले’ म्हणू नका. आणि गंमत बघा, त्याच २०१७ च्या पेपरात आपल्या सीझेडटीआयची टीमपण लेखक आहे, आणि स्फोट झाला तेव्हा त्यांच्या उपकरणासाठी ती जागा पृथ्वीच्या आड होती. दिसलं काहीच नाही, पेपर मात्र मिळाला 😄

सज्जनगड_पायथा:
यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. उपकरण चालू होतं, उपग्रह त्या क्षणी कुठं होता ते काढलं, डेटा चाळला आणि एवढ्याच्या वर काही आलेलं नाही असं आकड्यात लिहून दिलं, हे काम नव्हे? शून्य आलं ते खरंच शून्य की मशीन झोपलं होतं, हे छातीठोक सांगायला माणूस लागतो. तुम्हाला फक्त गोल मारणारा दिसतो.

निवृत्त_मास्तर (मिरज):
मी वाई_फायच्या बाजूनं. सीझेडटीआय मुळात ध्रुवीकरण (किरणांची कंपनं कुठल्या दिशेनं आहेत ते) मोजायला बनवलेलंच नव्हतं. पण क्ष-किरण एका पिक्सेलवर आपटून शेजारच्या पिक्सेलात उडतो आणि कुठल्या बाजूला जास्त उडतात यावरून ध्रुवीकरण काढता येईल, हे टीममधल्या काहींनी उड्डाणाआधीच ताडलं होतं. मग क्रॅब पल्सार धरला, सेकंदाला तीसेक गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा, दीडेक वर्षाची निरीक्षणं जमवली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नेचर ॲस्ट्रॉनॉमीत पेपर. निघालं काय, तर ध्रुवीकरणात सगळ्यात मोठे बदल पल्स (दर गिरकीला येणारा झोत) नसतानाच्या वेळात! आहे त्या मॉडेलांच्या गळी हे उतरेना. हे ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांना तीनशेचा आकडा कशाला पाहिजे?

हळदपेठ:
मास्तर, तुमचा मान ठेवून बोलतो. डोक्यातून निघालं ते एकदोघांच्या, पण पिक्सेल नीट तपासून कॅलिब्रेट केलेले नसते तर ती कल्पना वहीतच राहिली असती. मग तो पेपर त्यांचाबी हायच की.

एमएस्सी_कराड:
तुमचं चालू द्या, माझा प्रश्न वेगळा आहे. सिनियर सांगतात पीएचडीत डिटेक्टरचं (किरण टिपणाऱ्या उपकरणाचं) काम घेऊ नको, तीन वर्षं लॅबमध्ये जातात आणि स्वतःचं नाव पहिलं असा एक पेपर हातात नसतो, त्यापेक्षा तयार डेटावर बसलेला पुढं जातो. २००५ मध्ये हिर्श नावाच्या शास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला (पेपर किती आणि त्यांचे संदर्भ इतरांनी किती दिले यावरून संशोधकाला मिळणारा आकडा), त्यातपण पहिलं नाव आणि तीन हजारावं नाव सारखंच धरतात, म्हणजे मोठ्या ग्रुपात नुसतं राहिलं तरी तो वाढतोच. मी काय करू?

वाई_फाय:
डिटेक्टर आवडत असेल तर बिनधास्त घे. मी निवडीच्या पॅनेलवर असतो तर पेपर मोजलेच नसते, विचारलं असतं की तू हात लावलास त्या उपकरणात काय बिघडत होतं आणि तू काय केलंस.

हळदपेठ:
तू पॅनेलवर नसतोस, तिथंच तर घोडं पेंड खातंय मर्दा.