'व्हर्टिगो'चे रहस्य अर्धा तास आधी फोडायला हवे होते का?

(रहस्यभेद आहे. चित्रपट पाहायचा असेल तर पुढे वाचू नये.)

धागाकर्ती : हिचकॉकचा 1958 सालचा 'व्हर्टिगो' मी काल प्रथमच पाहिला. उंचीची भीती बसलेला माजी पोलीस अधिकारी स्कॉटी मित्राच्या पत्नीवर, मॅडलिनवर, पाळत ठेवता ठेवता तिच्या प्रेमात पडतो, ती मनोऱ्यावरून पडून मरते आणि पुढे तिच्यासारखीच दिसणारी ज्यूडी त्याला सॅन फ्रान्सिस्कोत भेटते, इथपर्यंत मी खिळून बसले होते. मग ज्यूडी पत्र लिहायला बसते आणि आपल्याला सगळेच कळते : मॅडलिनचे सोंग तिचे होते, आणि वरून फेकला गेला तो खऱ्या पत्नीचा देह. अजून अर्धा तास बाकी असताना रहस्यच संपले, तर पुढे कशासाठी पाहायचे? मूळ फ्रेंच कादंबरीत हा उलगडा अखेरीस होतो. मला तेच योग्य वाटते.

प्रतिसाद १ : मी असहमत आहे. स्कॉटी ज्यूडीला मॅडलिनसारखा करडा सूट घ्यायला आणि केस सोनेरी करायला भाग पाडतो, तेव्हा पत्राविना ती आपल्याला निव्वळ बाहुली वाटली असती. पत्रामुळे कळते की ती पकडले जाण्याचा धोका पत्करून केवळ त्याच्यासाठी थांबली आहे. हॉटेलच्या पाटीच्या हिरव्या उजेडात ती मॅडलिन होऊन समोर येते, त्या क्षणी त्याचा आनंद आणि तिची हार आपण एकाच वेळी पाहतो.

प्रतिसाद २ : पण त्यासाठी मोजलेली किंमतही पाहावी. तोवर चित्रपट जवळजवळ सगळा स्कॉटीच्या नजरेतून चालतो आणि पत्राच्या प्रसंगात ती नजर सुटते. पुढे ज्यूडीच्या गळ्यात मॅडलिनचा हार आरशात पाहून तो हादरतो, तेव्हा आपण त्याच्याबरोबर हादरत नाही. प्रदर्शनापूर्वी खुद्द हिचकॉकही या प्रसंगाबाबत डळमळीत झाले होते, त्यामुळे धागाकर्तीची शंका अडाणीपणाची नाही.

प्रतिसाद १ : हादरत नाही, हे खरे. आपण घाबरतो, आणि ती भीती अधिक वेळ टिकते.

धागाकर्ती : ती हार घालत असताना "नको घालूस" असे माझ्या तोंडून निघाले होते, हे मान्य करते. मात्र त्यासाठी संपूर्ण कबुलीजबाब लागत नव्हता. कपाटात टांगलेला तो करडा सूट नुसता दिसला असता, तरी ज्यूडी कोण हे मला समजले असते.