रेड वाइन आणि डार्क चॉकलेट जमत नाहीये, लग्नाच्या वाढदिवसासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरला राहतो. येत्या शनिवारी आमच्या लग्नाला १२ वर्षं होतील. मागची दोन वर्षं माझ्या वडिलांच्या आजारपणात गेली. त्यांचं सगळं बायकोनेच केलं, स्वतःची नोकरी सांभाळून. दोघं निवांत बसलोय असं त्या काळात एकदाही झालं नाही. आता बाबा हिंडते-फिरते झालेत. शनिवारी ते आणि आमची मुलगी बहिणीकडे मुक्कामाला जाणार आहेत.

लग्नानंतर आम्ही नाशिकला गेलो होतो, तिथे तिने पहिल्यांदा वाइन घेतली होती. चॉकलेट तर तिचा जीव की प्राण. म्हणून जेवणानंतर गच्चीवर रेड वाइन आणि डार्क चॉकलेट असा बेत आखलाय. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.

परवा मित्राकडे आधी चाखून पाहिलं. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ७५ टक्के कोकोचं चॉकलेट. वेगवेगळं घेतलं तर दोन्ही छान. एकत्र घेतल्यावर मात्र कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ जड झाली आणि वाइन आंबट-कडू लागली. ही जोडी प्रेमाची म्हणून सगळीकडे सांगतात, मग माझं चुकलं कुठे? वाइन बदलू की चॉकलेट? कृपया जाणकारांनी सांगावं.

द्राक्षवेल:
तुमची जीभ बरोबर सांगतेय. रेड वाइन द्राक्षाच्या साली-बियांसकट आंबवतात, त्यातून टॅनिन म्हणजे तुरटपणा उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं ना, तसंच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जिभेवरचा ओलसरपणा जातो. कोकोतही तुरट द्रव्यं असतात. कॅबर्नेची द्राक्षं जाड सालीची, त्यामुळे त्यात टॅनिन जास्त, वर ७५ टक्के कोको. तुरटावर तुरट झालं.

आंबट का लागली तेही सांगतो. पेढा खाऊन चहा प्यायलात तर चहा अगोड लागतो. ड्राय वाइनमध्ये साखर जवळजवळ नसते, म्हणून चॉकलेटच्या गोडीनंतर तिचा आंबटपणा उघडा पडतो. चॉकलेटबरोबरची वाइन चॉकलेटपेक्षा गोड हवी, हा एक नियम धरलात तरी पुष्कळ.

पश्चिमवारा:
द्राक्षवेल यांच्याशी सहमत. मी कामानिमित्त काही वर्षं पोर्तुगालमध्ये होतो. तिथल्या डौरो नदीच्या खोऱ्यातली पोर्ट वाइन चॉकलेटबरोबर अप्रतिम लागते. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षापासून गाळलेलं कडक मद्य घालून आंबणं थांबवतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांपर्यंत जातं. रूबी पोर्ट फळांच्या चवीची, ती डार्क चॉकलेटला द्या. टॉनी पोर्ट लाकडी पिंपात मुरलेली असते, तिला अक्रोड-बदामाची चव येते. ती मिल्क चॉकलेटला किंवा बदामाच्या चॉकलेटला छान. पेले मात्र लहान घ्या, ही घोट घोट प्यायची वाइन आहे.

आपल्याकडे पोर्ट नावाने ज्या स्वस्त गोड लाल वाइन मिळतात त्या ही पोर्ट नव्हेत. पण गोड असल्यामुळे कॅबर्नेपेक्षा त्या चॉकलेटशी बऱ्या जमतात.

कडूगोड:
पोर्ट नाही मिळाली तर हिरमुसू नका. चॉकलेट ५५ टक्क्यांचं घ्या, अमूलचं डार्क चालेल. वाइन शिराझ घ्या, नाशिकच्या सुला कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ मला आवडते. बरोबर खारे बदाम ठेवा, मिठाने कडूपणा दबतो. गोड पोर्टइतकं नाही जुळणार, पण जीभ जड होणार नाही.

आणि ताई व्हाइट वाइन घेत असतील तर लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक बघा. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेली असते. ती व्हाइट चॉकलेटबरोबर द्या. त्यात कोकोचं फक्त लोणी असतं, त्यामुळे तुरटपणा नाही.

जेवणात काय आहे? सोलापुरी काळ्या मसाल्याचं मटण असेल तर जपून, अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं.

द्राक्षवेल:
जेवणाबरोबर तुमच्याच जिल्ह्यातली, अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेसे ही रेड वाइन घेता येईल, फक्त मसाला बेताचा ठेवा. आणि उन्हाचं विसरू नका! रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी म्हणतात ते थंड देशांतल्या घरांचं. तिला १६ ते १८ अंश लागतात. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गच्चीवर चॉकलेट आधीपासून मांडून ठेवू नका. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं घरात ठेवा आणि मग वर न्या. फार गार चॉकलेटला चवच लागत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याहून येणाऱ्या मित्राने रूबी पोर्ट आणून दिली. काल रात्री ५५ टक्क्यांच्या चॉकलेटचा लहान तुकडा आधी जिभेवर विरघळू दिला आणि मग घोट घेतला. तुरटपणा नावाला नाही, पिकलेल्या करवंदांची आठवण झाली. जेवणाला तिच्या आवडीचं पांढऱ्या रश्श्याचं चिकन करतोय, मीच.

एकच शंका राहिली. दोघांत बाटली संपणार नाही. उघडलेली किती दिवस टिकेल?

पश्चिमवारा:
रूबी पोर्ट बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे सहज राहते. सांजोवेसे घेतलीत तर ती तीन-चार दिवसांत संपवा. वहिनींना आमच्या शुभेच्छा कळवा, शनिवारनंतर.